आठवण गेली ते ठीक, पण तिचा खडूसपणा कुठे गेला?

ताई,

मी कळव्याला राहते, ऐरोलीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात वेबकॉमिक काढते. लिहितो माझा मावसभाऊ, चित्रं माझी. गोष्ट आपल्या ठाण्याचीच, पण कधीच नसलेल्या ठाण्याची. तिथे प्रत्येक तलावात आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, राहतात आणि माणसं पाण्यात आपापल्या आठवणी ठेवून जातात. आमची नायिका पाणाडी आहे. जमिनीखालचं पाणी तिला ऐकू येतं. चिकट आहे, तोंडाळ आहे, आसरांशीसुद्धा घासाघीस करते. "आणि बदल्यात काय?" हे तिचं ठरलेलं वाक्य.

शेवटचा तलाव बुजू नये म्हणून सातवी आसरा तिच्या सगळ्या आठवणी मागते. ती देते. शेवटच्या चित्रात ती तलावपाळीच्या पायरीवर बसली आहे, केस मोकळे, चेहरा शांत. "किती छान आहे इथे," म्हणते. तिचा होडीवाला मित्र येतो आणि तिचा हात हातात घेतो. मागे एका भागात तिनं त्याला लग्नाला नकार दिला होता, पण आता तिला ते आठवत नाही. इथे गोष्ट संपते.

वाचक खवळलेत. "तुम्ही तिला मारलंत आणि वर गोड शेवट म्हणून खपवताय," असं चाललंय. भाऊ म्हणतो, वाचकांचं बरोबर आहे, आठवण म्हणजेच माणूस हे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक सांगून गेलाय. त्याला आणखी पाच भाग लिहून आठवण परत आणायची आहे. मी म्हणते, परत आणली तर तिनं दिलं काय? सध्या आमचं बोलणं बंद आहे.

त्यात कोपरखैरण्याच्या एका वाचकाची मेल आली. "बाबांना डिमेन्शिया आहे. मला ओळखत नाहीत. चहात साखर कमी असली की कप एका बोटानं पुढे सरकवतात, पूर्वीही तस्संच करायचे. तुमच्या गोष्टीच्या हिशेबानं ते आता कोण?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय देऊ?

– पायरीवरची चित्रकार

*

प्रिय चित्रकार,

आधी तुझी बाजू घेते, मग तुला रागावते. कॉमिकचं आणि पात्रांची नावं तू सांगितलंस तशी गाळली आहेत.

आठवण परत आणायची नाही. तुझ्या भावाला जांबुवंत हवाय. कुणीतरी येऊन "अगं, तू कोण ते आठव" म्हणायचं आणि हिनं उड्डाण करायचं. पण मारुतीचं विसरणं वेगळं होतं. लहानपणी त्यानं ऋषींच्या खोड्या काढल्या, त्यांनी शाप दिला, आणि कुणी आठवण करून दिली की बळ परत येईल ही सोय त्या शापातच होती. विसरण्याच्या बदल्यात त्यानं काही विकत घेतलं नव्हतं. तुमच्या पाणाडीनं एक अख्खा तलाव घेतलाय. पाच भागांनंतर तिची किंमत तिला परत मिळणार असेल तर तो सौदाच नव्हे, आणि सातवी आसरा बावळट ठरते. जिला इतकी वर्षं एवढी भीतिदायक काढलीस, तिला शेवटी बावळट ठरवू नका.

भावानं लॉक वाचला याचं कौतुक, पण त्याला म्हणावं, पुढचंही वाच. लॉकनं हे प्रकरण आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, १६९४ साली घातलं. राजपुत्राचा आत्मा, सगळ्या आठवणींसकट, एका मोच्याच्या देहात शिरला तर तो कोण? लोक त्याला मोचीच म्हणतील, पण व्यक्ती म्हणून तो राजपुत्र, कारण राजपुत्राच्या कृत्यांचा जाब त्यालाच विचारता येईल, असं लॉकचं म्हणणं. त्याचा सगळा भर या जाब विचारण्यावर आहे, हे लक्षात ठेव. पुढे होडीवाल्याच्या वेळी लागणार आहे. मग १७८५ साली थॉमस रीड या स्कॉटिश तत्त्वज्ञानं यातली मेख दाखवली. बाग लुटली म्हणून एका मुलाला फटके बसतात. तोच मोठेपणी सैन्यात अधिकारी होतो आणि शत्रूचा झेंडा पळवतो. म्हातारपणी तो सेनापती असतो. अधिकाऱ्याला लहानपणचे फटके आठवत होते. सेनापतीला झेंडा आठवतो, फटके मात्र साफ विसरलाय. म्हणजे लॉकच्या हिशेबानं सेनापती तोच अधिकारी, अधिकारी तोच मुलगा, पण सेनापती तो मुलगा नव्हे! भावाला विचार, पाचवीत तुझ्या बाकावर कोण बसायचं? आठवत नसेल तर पाचवीची परीक्षा कुणी दिली?

आता रागावते.

शेवटचा भाग वाचताना तिची आठवण गेली याचं मला काडीचं दुःख झालं नाही. खटकलं ते तिचं स्मित. ही बाई पूर आलेला असताना, होडी हेलकावे खात असताना, होडीवाल्याकडे उरलेले सुट्टे पैसे मागते. त्या चित्रात तू तिची पालथी मूठ आणि पुढे केलेली तर्जनी काढली आहेस. पाण्याचे लोट मागे धूसर आणि बोट मात्र नखासकट स्पष्ट. तो भाग मी मैत्रिणीला पाठवला होता. आणि हीच बाई शेवटी कॅलेंडरवरच्या देवीसारखी पायरीवर बसते आणि "किती छान आहे इथे" म्हणते? तिच्या तोंडी 'छान' हा शब्द त्याआधी एकदाही आलेला नाही. तुम्ही तिची आठवण काढून घेतलीत असं तुम्हाला वाटतंय. प्रत्यक्षात तुम्ही तिचा खडूसपणा, तिचा चिकटपणा, तिची भांडणं, सगळं काढून घेतलंत. ते आसरेनं मागितलंच नव्हतं. ते तुम्ही दोघांनी फुकट देऊन टाकलंत.

वाचकांना नेमकं हेच जाणवलंय, फक्त त्यांनी खापर आठवणीवर फोडलं. नीना स्ट्रोमिंगर आणि शॉन निकोल्स या दोन अमेरिकी संशोधकांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या किंवा मज्जातंतूंच्या आजारानं हळूहळू झिजत चाललेल्या रुग्णांच्या घरच्यांना त्यांनी विचारलं: हे माणूस तुम्हाला अजून तेच वाटतं का? त्यात अल्झायमरचे रुग्ण होते, हातापायांची ताकद जात जाते पण स्मृती बहुतेकांची शाबूत राहते अशा आजाराचे होते, आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचे होते. या शेवटच्या आजारात सुरुवातीला आठवणी बऱ्यापैकी टिकतात, बदलते ती वागण्याची रीत. मायाळू माणूस तुसडा होतो, भिडस्त माणूस चारचौघांत वाट्टेल ते बोलतो. "हा तो राहिला नाही" ही भावना सर्वांत जास्त याच घरांत आढळली. माणूस परका वाटायला लावणारी गोष्ट म्हणजे त्याच्या बऱ्यावाईटाच्या जाणिवेत झालेला बदल. नुसती आठवण जाण्याचा वाटा त्यापुढे अगदी थोडा. हे घरच्यांना काय वाटलं त्याचं मोजमाप आहे, रुग्ण 'खरा' कोण याचं नव्हे. पण वाचक म्हणजे तरी कोण? पात्राच्या घरचीच माणसं.

उलट बाजूचं उदाहरण हेन्री मोलेसन. अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग शस्त्रक्रियेनं काढला. त्यानंतर २००८ साली मरेपर्यंत त्याला नवी घटना ध्यानात ठेवता आली नाही. वर्षानुवर्षं त्याच्यासोबत काम करणाऱ्या संशोधिकेशीही दरवेळी नव्यानं ओळख. तरी त्याच्याबद्दल लिहिणाऱ्या सगळ्यांना दिसलेला माणूस एकच आहे: सौम्य, मदतीला तयार, शब्दकोड्यांचा नादी, स्वतःच्या विसरण्यावर मिश्किल बोलणारा.

आता तू म्हणशील, ठीक, मग तिला पाणी अजून ऐकू येतं असं दाखवते. नको गं. हेन्रीलाही आरशात बघून चांदणी गिरवण्याचा सराव दिला तेव्हा त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला, आणि आपण हे पूर्वी केलंय याचा त्याला पत्ता नव्हता. म्हणजे कसब उरतं हे खरं आहे. पण विसरलेल्या वीराच्या हातात तलवार देताच हात आपोआप फिरतो, हे आपण इतक्या ठिकाणी पाहिलंय की वाचक ते पान यायच्या आधीच ओळखतील. शिवाय कसब म्हणजे स्वभाव नव्हे. पाणी दुसऱ्या कुणालाही ऐकू येऊ शकतं. पुरात सुट्टे पैसे तीच मागेल.

कालिदासाला हे पक्कं ठाऊक होतं. महाभारतातला दुष्यंत काही विसरत नाही. त्याला सगळं आठवत असतं आणि तरी भर दरबारात तो शकुंतलेला "मी तुला ओळखत नाही" म्हणतो. आकाशवाणी झाल्यावर कबूल होतो. कालिदासानं दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणून राजाला त्यातून सोडवलं. (वकिलाला जमणार नाही इतकं सफाईदार काम आहे. मला आजही ते पटत नाही, पण तो विषय वेगळा.) मात्र विसरलेला दुष्यंत कसा वागतो बघ. समोर ही सुंदर स्त्री उभी आहे, ती आपली बायको असल्याचं ऋषिकुमार सांगतायत, आणि हा म्हणतो, परक्याच्या बायकोकडे पाहू नये. आठवण पार पुसली गेली, पण त्याच्या मर्यादेचं भान जागच्या जागी आहे. म्हणून तो आपल्याला तोच वाटतो आणि म्हणूनच त्याचा राग येतो.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यावरून मला होडीवाल्याकडे यायचं आहे. दुष्यंत विसरला तरी राजा होता. खरं काय आणि खोटं काय हे ठरवण्याची सत्ता विसरणाऱ्याच्या हातात होती, सोसलं ते आठवणारीनं. तुमच्या पायरीवर सगळं उलट आहे. विसरलेल्या बाईजवळ काहीही नाही आणि होडीवाल्याला सगळं माहीत आहे. तिनं त्याला नकार दिला होता हेही. तरी तो हात धरतो, ती हसते, आणि मागे तू सोनेरी प्रकाश सोडतेस.

हे प्रेम नाही, ही चोरी आहे. नकार विसरला गेला म्हणून रद्द होत नाही. तू माझं पाचशे रुपयांचं देणं विसरलीस तर ते फिटलं का? घेणं असताना आपण म्हणतो, तू विसरलीस तरी तूच घेतले होतेस. मग नकाराच्या वेळी 'ती आता वेगळीच आहे' हे कुठून आलं? ती वेगळी व्यक्ती असेल तर त्या परक्या बाईचा हात धरायचा त्याला काय अधिकार? आणि तीच असेल तर तिचं उत्तर त्याला मिळालेलं आहे. लॉकची जाब विचारायची गोष्ट इथे भावाच्याच गळ्यात येते. खवळलेल्या वाचकांतल्या मुलींनी काय लिहिलंय ते पुन्हा वाच. मला वाटतं, त्यातल्या काही जणी आठवणीबद्दल बोलतच नाहीयेत.

मग करायचं काय? शेवट बदलू नका, त्याच्या आधीचं पान बदला. सातवी आसरा म्हणते, "सगळं दे." आणि पाणाडी म्हणते, "घे." लगेच! जिनं आजवर पहिल्या किमतीला लिंबूसुद्धा घेतलं नाही, ती आयुष्याचा सौदा एका शब्दात करते. तुमची नायिका गेली ती इथे, आठवण जायच्याही आधी. तिला भांडू दे. हरायचं तर आहेच, तलाव वाचायला किंमत पूर्ण द्यावीच लागेल, पण ती घासाघीस केल्याशिवाय देणार नाही. आठवण राखता येत नसेल तर ती दुसरं काहीतरी मागेल. उद्याच्या, काहीच न आठवणाऱ्या स्वतःच्या वतीनं आज अटी घालेल. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात अशी सोय आहे: पुढे आजारामुळे स्वतःचा निर्णय स्वतः घेता आला नाही तर कसे उपचार करावेत, कसे करू नयेत आणि आपल्या वतीनं कुणी ठरवावं, हे माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो. तुमच्या जगात तशी अट पाण्यावर लिहिता येईल की नाही ते तुम्ही ठरवा. त्या अटींत होडीवाल्याचा उल्लेख असावा असं मला वाटतं. तो शेवटी पायरीवर आला तर हात धरायच्या आधी त्याला ती अट वाचून दाखवावी लागू दे.

फक्त शेवटच्या चित्रात तिच्या तोंडी "आणि बदल्यात काय?" घालू नकोस. मोह होईल, टाळ्याही मिळतील, पण ते वाक्य आठवणीतून आल्यासारखं दिसेल आणि सगळा सौदा पुन्हा संशयात पडेल. स्वभाव नव्या शब्दांत दिसायला हवा. अंबाडाही बांध तिचा. मोकळे केस तिच्या कामाचे नाहीत.

ही घासाघीस भावाला लिहू दे. तुमच्या कॉमिकमधले सर्वांत चांगले संवाद सौद्याचे आहेत आणि ते त्याचे आहेत. ("हिला ठाण्याला नेऊन टाका" असं गावकरी म्हणतो आणि मागून आवाज येतो, "अहो, ठाण्यातच आहोत आपण," तिथे मी मोठ्यांदा हसले. त्या शिळ्या विनोदाची अशी जिरवलेली मी पाहिली नव्हती.) त्याला पाच भाग हवे होते, त्याला एक दे, पण खरा महत्त्वाचा दे. बोलणं कसं सुरू करायचं हे मला विचारू नकोस. मावसभाऊ आहे, फोन उचल आणि "तो सौद्याचा सीन फसलाय, तूच लिहू शकतोस" एवढं म्हण. तो आधी भांडेल, मग लिहील.

राहिली ती मेल. खरं तर तुझ्या पत्रातलं तातडीचं काम तेच आहे आणि ते तू सगळ्यांत शेवटी लिहिलंस.

त्या वाचकाला "तुमचे बाबा अजूनही तेच आहेत, कप सरकवतात ना" असं लिहू नकोस. वर मी स्वभावाचं एवढं पुराण सांगितलं ते पात्र कसं रंगवावं यासाठी, रुग्णाच्या घरी पाठवायला नाही. गोष्टीतली आठवण एका रात्रीत, एका घासात जाते. खरा डिमेन्शिया तसा नसतो. अल्झायमरमध्ये सहसा अलीकडचं आधी जातं, जुनं जास्त काळ राहतं, आणि पुढे पुढे स्वभावालाही धक्का लागू शकतो. आज तू कपावरून धीर दिलास तर कप सरकवणं ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी ते तुझंच वाक्य घेऊन बसतील. आजारानं स्वभाव बदलला म्हणून बाप परका ठरत नाही, आणि ते ठरवायचा अधिकार तुझा, माझा किंवा कुठल्या अभ्यासाचा नाही.

मी असं लिहिलं असतं: "आमच्या गोष्टीतल्या बाईनं स्वतःहून सौदा केला. तुमच्या बाबांनी कसलाच सौदा केलेला नाही, त्यामुळे आमच्या गोष्टीचा हिशेब त्यांना लागू करू नका. मेल वाचून मी आमचा शेवट पुन्हा तपासतेय. बाबा चहा किती गोड घेतात?" शेवटचा प्रश्न उगाच घातलेला नाही. तिथे 'बाबा' वर्तमानकाळात येतात, आणि उत्तर द्यायला त्या वाचकाला सोपं जातं. आजच पाठव. उशीर झाल्याची माफी एका ओळीत माग, त्याची कारणं देऊ नकोस.

आणि एक बारीकसारीक. दुसऱ्या तलावाच्या काठावरच्या उंबराला तू फळं पानांच्या टोकाशी लोंबती काढली आहेस. उंबराची फळं खोडाला आणि जाड फांद्यांना थेट लगडतात. इतर कुठल्या कॉमिकमध्ये चाललं असतं, पण वराहमिहिरानं बृहत्संहितेत जमिनीखालच्या पाण्याच्या खुणा सांगितल्यात त्यांत उंबर आहे. पाणाडीच्या गोष्टीत तेच झाड चुकीचं असून चालणार नाही. छापील पुस्तक काढाल तेव्हा तेवढं दुरुस्त कर.